छोट्या हत्तीवरील बिऱ्हाड

आमच्या घरांत वाद पुष्कळ निघतात व बहुतेक ओसरीवरच मिटतात. परंतु गेल्या आश्विनांत जो निघाला तो पौषापर्यंत पुरला. माझ्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. एका शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला व म्हणाला, "काका, एक जपानी ट्रक आणावा म्हणतों." मी सुपारी कातरीत होतों, ती अडकित्त्यांतच राहिली.

"ट्रक? धंदा काढावयाचा आहे काय?"

"धंदा नव्हे. मागें निजावयाची सोय करूं, चुलीची करूं, आणि डोंगरांत नेऊं. आईला हॉटेलांत राहवत नाहीं आणि जमिनीवर बसवत नाहीं. तिचें बिऱ्हाडच बरोबर नेलें म्हणजे झालें."

या बोलण्यांतील खोंच मला कळली. नाणेघाट दाखवीन असें आमचे बंधु वहिनींस वीस वर्षें सांगत होते. तें राहून गेलें. वहिनींचें वय आतां बहात्तर, गुडघे थकलेले. मुलाच्या मनांत काय आहे हें ओळखून मी ट्रकाविषयीं चौकशी आरंभिली.

ज्या ट्रकाचें त्याला वेड लागलें होतें त्याची जात खरोखर नमुनेदार आहे. जपानांत १९४९ सालीं हलक्या वाहनांचा एक स्वतंत्र वर्ग कायद्यानें निर्माण झाला. त्यास तिकडे 'केई' म्हणतात. केई म्हणजे हलकें. आजच्या नियमाप्रमाणें असें वाहन ३.४ मीटरांहून लांब व १.४८ मीटरांहून रुंद असतां कामा नये, आणि त्याचें यंत्र ६६० घनसेंटिमीटरांच्या आंत असलें पाहिजे. या वर्गांतील ट्रकावर ३५० किलो ओझें घालतां येतें. भाताच्या खाचरांमधील अरुंद वाटांवरून शेतकऱ्यानें भाजी, खत, अवजारें न्यावीं हा त्याचा मूळ उद्देश. कित्येकांस चारही चाकांना जोर देण्याची सोय असते, त्यामुळें चिखलांत ते सहसा अडकत नाहींत. अमेरिकेंत पंचवीस वर्षांहून जुन्या परदेशी वाहनास तेथील सुरक्षेच्या नियमांतून सूट मिळते. म्हणून तिकडील हौशी लोक जपानांतील जुने ट्रक नेतात, त्यांस मोठीं चाकें बसवितात आणि रानांत मुक्कामास निघतात. हीं चित्रें पाहून आमचे चिरंजीव मोहित झाले होते.

परंतु आपल्याकडील कायदा नेमका उलट आहे. अमेरिकेंत जुनें तेवढें आंत येतें, आणि येथें वापरलेलें वाहन तीन वर्षांहून जुनें असेल तर त्यास आंत प्रवेश नाहीं. शिवाय जकात भारी. तात्पर्य, जें स्वस्त आहे तें येऊं शकत नाहीं व जें येऊं शकतें तें स्वस्त नाहीं. हें समजल्यावर चिरंजीव दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशीं मींच त्याला म्हटलें, "अरे, तुझ्या त्या जपानी ट्रकाची बहीण आपल्या आळींत पंधरा वर्षें उभी होती." १९८४ सालीं निघालेली मारुतीची व्हॅन, जिला पुढें ओम्नी म्हणूं लागले, ती सुझुकीच्या केई वर्गांतील 'कॅरी' गाडीवरूनच घेतलेली. तिचें उत्पादन २०१९ सालीं थांबलें. परंतु तींत आठ-आठ माणसें कोंबून कोंकणांत गेलेलीं कुटुंबें या मासिकाच्या वाचकांत कमी नसतील. त्याच कॅरी घराण्यांतील सुपर कॅरी नांवाचा ट्रक २०१६ पासून हिंदुस्थानांत तयार होतो. आणि आमच्या अगदीं दारचें उदाहरण म्हणजे टाटांचा एस; लोक त्याला छोटा हत्ती म्हणतात. २००५ च्या मे महिन्यांत तो प्रथम बाजारांत आला व आरंभीं आमच्या या पुण्याच्या बाजूसच बनत असे. श्री. गिरीश वाघ हे त्या कामाचे प्रमुख होते. टाटांच्या इंडिका मोटारीचें यंत्र चार नळकांड्यांचें; त्याचें निम्में करून दोन नळकांड्यांचें, ७०२ घनसेंटिमीटरांचें यंत्र या ट्रकासाठीं योजलें. शक्ति अवघी सोळा घोड्यांची, चाकें बारा इंची, पण वजन पाऊण टन नेतो! तीनचाकी टेंपो व मोठा ट्रक यांच्यामधील ओस पडलेली जागा त्यानें व्यापिली.

माझा एक जुना विद्यार्थी देहूरोडास भाड्याच्या गाड्या चालवितो. त्याच्या भागींत चिरंजीवानें एक जुना एस घेतला. करार असा कीं आठवडाभर गाडीनें माल वाहावा, आणि सुटीच्या दिवशीं ती आमची.

आतां चिरंजीवाच्या बुद्धीस पालवी फुटली. लोखंडी अँगलची खोली, वर पत्रा, पत्र्यावर आणखी एक बिछाना, बाजूस खिडक्या, असा नकाशा त्यानें काढून आणला. मी यंत्रशास्त्र शिकलेलों नाहीं. मॅट्रिकपर्यंतचें पदार्थविज्ञान आणि पाणिनि एवढेंच माझें भांडवल. तेवढ्यावर मीं कोश घेऊन प्रथम आडवा ठेवला व मग उभा केला, आणि दोन्ही वेळां त्याला बोट लाविलें. उभा कोश पडला. एवढ्याशा चाकोरीच्या गाडीवर माणसांच्या उंचीचें घर बांधून तें घाटांतील वळणावर नेणें म्हणजे उभा कोश नेणें होय. कायद्याचाही अडसर होताच. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा बदल करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ च्या निकालांत तें कडकपणें सांगितलें आहे. मालगाडीच्या हौद्यांत माणसें बसवून नेणेंही निषिद्ध. अर्थात् पुढें चालक व आणखी एक. कुटुंब अकरा जणांचें, आसनें दोन! वहिनी हंसून म्हणाल्या, "भाऊजी, ही गाडी एकत्र कुटुंबाची दिसत नाहीं." (परवान्याची मात्र अडचण पडली नाहीं. साडेसात हजार किलोंपर्यंतचें हलकें मालवाहू वाहन साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवितां येतें, असा निर्णय त्याच न्यायालयाच्या घटनापीठानें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं दिला आहे.)

हा पेंच सोडविला तो आमच्या रस्त्यानें. ज्येष्ठ वद्य सप्तमीस तुकोबांची पालखी देहूंतून निघते व दुसऱ्या दिवशीं आमच्या देहूरोडावरून आकुर्डीच्या मुक्कामास जाते. मी लहानपणापासून कठड्यावर उभा राहून टाळकऱ्यांकडे पाहत आलों. त्यांच्या ट्रकांकडे मात्र कधीं पाहिलें नव्हतें. प्रत्येक दिंडीचा ट्रक असतो. त्यांत तंबू, शिधा, पातेलीं, शेगड्या, वळकट्या. तो पुढें जातो, मुक्कामाची जागा धरतो. माणसें मागून चालत येतात तों तंबू उभे व आधण ठेवलेलें. माणसें एका वाटेनें, बिऱ्हाड दुसऱ्या. ट्रकाचें घर कोणी करीत नाहीं. ट्रक ट्रकच राहतो. ही गोष्ट शेंकडों दिंड्यांना ठाऊक आहे, आणि आम्ही जपानी चित्रांत उत्तर शोधीत होतों!

मीं एका दिंडीच्या वृद्ध चालकास गांठून विचारलें. त्यानें सांगितलेला क्रम असा : जें शेवटीं लागावयाचें तें सर्वांत आंत, जें उतरतांच लागतें तें फाळक्याजवळ. म्हणून ताडपत्री व दोर सर्वांत मागें, त्याच्या अलीकडे पाणी व चहाचें सामान, मग शिधा, आणि वळकट्या अगदीं आंत. जड तें खालीं व मागच्या आंसाच्या पुढें.

याच धोरणानें आमची रचना ठरली. हौदा सुमारें सात फूट लांब व पांच फुटांस थोडा कमी रुंद. त्याच्या दोन्ही कडांना चौदा इंच उंचीच्या प्लायवूडच्या दोन लांब पेट्या, झांकणाच्या. मधल्या जागेवर फळ्या टाकल्या कीं सलग पलंग. खुर्चीएवढ्या उंचीवर गादी आल्यामुळें वहिनींचे गुडघे वांकवावे लागत नाहींत. पेट्या हौद्याला कायमच्या न जखडतां मालाप्रमाणें पट्ट्यांनीं बांधलेल्या. सोमवारीं त्या उतरतात. वर कमानींवर ताडपत्री, भाजीवाल्याच्या गाडीस असते तशीच. चिरंजीवाचा आग्रह १८ मिलिमीटरच्या फळीचा होता. आठ बाय चारच्या तसल्या एका फळीचें वजन सुमारें ३५ किलो भरतें हें हिशोबानें दाखविल्यावर तो १२ वर आला. पाणी लिटरास किलो. म्हणून साठ लिटरच घ्यावयाचें, बाकीचें गांवांतून भरावयाचें. चाकणच्या रस्त्यावरील वजनकाट्यावर गाडी रिकामी व भरलेली अशी दोनदां तोलली. बिऱ्हाडासह ओझें २८० किलो. पाऊण टनाची ऐपत असतां इतकेंच कां, असें सुताराने विचारलें. खडकाळ वाटेवर बारा इंची चाकांना जेवढें कमी तेवढें बरें, हें त्याचें उत्तर.

येथपर्यंत सर्व सुरळीत. आतां जें लिहावयाचें तें लिहूं नये असें घरांतील दोघांचें मत पडलें. परंतु त्यासाठींच मी हा लेख लिहीत आहें.

मार्गशीर्षांत अंगणांत एक रात्र निजून पाहावें असें ठरलें. थंडी बरीच होती. चिरंजीव व त्याचा नऊ वर्षांचा मुलगा ट्रकांत निजले. दंव आंत येऊं नये म्हणून ताडपत्री चारही बाजूंनीं आवळून बांधा, असें मींच सांगितलें. ऊब राहावी म्हणून कोळशाची शेगडी आंत, फाळक्यापाशीं, पत्र्यावर ठेविली. तिला ज्वाळा नव्हती, धूर नव्हता, म्हणून ती निर्धोक वाटली. पहाटे चारच्या सुमारास वहिनी नेहमीप्रमाणें उठल्या. आंतून मुलाचें कण्हणें त्यांनीं ऐकिलें व हांक मारली. ओ आली नाहीं. त्यांनीं विळीनें दोर कापले. मुलाला ओकाऱ्या होत होत्या, बापाला उभें राहवत नव्हतें, आणि मला समोरच्या खोलींत गाढ झोंप लागली होती.

दोघे बरे झाले. डॉक्टरांनीं प्राणवायु दिला व सांगितलें कीं आणखी कांहीं वेळ गेला असता तर सांगतां येत नव्हतें. कोळसा अपुऱ्या हवेंत जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा त्याला तो प्राणवायूच्या दोनशेंपटींहूनही अधिक जोरानें चिकटतो. धुराची शेगडी निदान खोकला तरी आणते. लाल निखारा कांहींच सांगत नाहीं. मीं आठवीच्या वर्गास हा धडा कैक वर्षें शिकविला होता. बंद न्हाणीघरांतील गॅसचा बंब, चालू यंत्राची उभी मोटार, खोलींत ठेविलेली बाळंतिणीची शेगडी, सर्वत्र हाच वायु.

त्या दिवसापासून नियम असा कीं ट्रकांत विस्तव म्हणून न्यावयाचा नाहीं. गॅसची शेगडी देखील फाळक्याबाहेर, दहा हातांवर. ताडपत्रीला पुढें वर व मागें खालीं अशीं दोन भोंकें कायमचीं, जाळी लावलेलीं; तीं बंद करतां येऊंच नयेत म्हणून झडपा मुद्दाम ठेविल्या नाहींत. त्या वायूचा इशारा देणारें एक बॅटरीचें उपकरण मिळतें, तेंही टांगलें आहे. थंडीवर उपाय दोन रजया आणि गरम पाण्याची पिशवी.

महिनाभर वहिनींनीं गाडीकडे पाहिलें नाहीं. नंतर एके दिवशीं त्यांनींच विचारलें, "नाणेघाटास मकरसंक्रांतीनंतर थंडी कमी होते का?"

आम्ही पौषांत गेलों. वहिनी चिरंजीवाशेजारीं पुढें. बाकीचीं आम्ही एस.टी.नें जुन्नरास आणि तेथून भाड्याच्या जीपनें. चाकण, खेड, मंचर, नारायणगांव, जुन्नर, आणि पुढें घाटघर. शेवटच्या कच्च्या वाटेवर मीं उतरून आधीं पायीं चालून पाहिलें. सोळा घोड्यांच्या व मागच्याच दोन चाकांना जोर असलेल्या गाडीला तेवढी विनवणी करावी लागते. तरी एका ओहळांत मागचें चाक फिरलेंच. फळी घातली, गांवच्या चार पोरांनीं ढकललें, निघाली. मुक्कामाची जागा गांवकऱ्यांस विचारून, त्यांच्या खळ्यावर. आम्ही पोहोंचलों तों वहिनी पलंगाच्या कडेस बसून आमच्यासाठीं चहा गाळीत होत्या.

सकाळीं त्यांस हात धरून लेण्यांत नेलें. भिंतीवरील ब्राह्मी लेख झिजलेला आहे, पण सातवाहन राणी नागनिका हिच्या काळीं झालेल्या यज्ञांचें वर्णन व दक्षिणेंत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांचे आंकडे त्यांत आहेत; दोन हजार वर्षांपूर्वींचे आंकडे. मूर्तींची आतां पाउलेंच उरलीं, वर नांवें मात्र कोरलेलीं. राणी तेव्हां विधवा होती, हें मीं सांगितलें. वहिनींनीं पुष्कळ वेळ तीं नांवें पाहिलीं. "यांना हें वाचतां येत असे का?" त्यांनीं विचारलें. बंधूंना येत असे. घरीं त्यांची वही आहे.

सध्यां पेट्या आमच्या पडवींत कप्पीनें आढ्याला टांगलेल्या असून ट्रक चाकणास यंत्राचे सुटे भाग पोहोंचवितो. काल वहिनींनीं एक पाट काढून ठेविला; बाहेर जेवतांना हवा म्हणाल्या. चिरंजीवानें तो तोलला. अडीच किलो. वहींत मांडून ठेविला आहे.