खाली म्हणजे नेमकं कुठे?

मागच्या वेळी 'शिक्षा' या शब्दावर लिहिलं, तेव्हा इंदूर-ग्वाल्हेरकडच्या बऱ्याच जणांनी कळवलं की 'शाळेत शिक्षा मिळते' हे वाक्य त्यांच्या घरी रोज दोन्ही अर्थांनी खरं असतं. या वेळचा शब्द आमच्या घरातला आहे. तो सांगताना मला अजून नीट हसू येत नाही.

एप्रिल २०२१ चा शेवटचा आठवडा. आई-बाबा काचीगुड्याच्या जुन्या फ्लॅटमध्ये, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोघंही पॉझिटिव्ह. आईला नुसता खोकला, पण बाबांचा ऑक्सिजन ८९ वर आलेला. बेड कुठेच मिळत नव्हता, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं घरीच सिलिंडर लावलेलं. मी स्वतः पॉझिटिव्ह, कुकटपल्लीत एका खोलीत बंद. बायको त्याच्या आधीच यातून उठली होती, त्यामुळे धावपळ सगळी तिच्या एकटीवर.

भाड्यानं दोन सिलिंडर मिळाली होती, बी टाइपची. एकात साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन. मिनिटाला ४ लिटर लावला तर हिशेब सोपा आहे, सहा तास आणि वर थोडंसं. एक चालू असेपर्यंत दुसरं भरून आणायचं. सिलिंडरवाला मुलगा तीन जिने चढायचा कंटाळा करायचा आणि भरलेलं सिलिंडर पार्किंगमध्ये वॉचमनकडे ठेवून जायचा. हा तपशील लक्षात ठेवा.

संध्याकाळी साडेसातला बायकोनं आईला फोन केला.

"आई, दुसरं सिलिंडर आहे ना?"

"दुसरं खाली आहे गं."

"बरं, असू द्या. मी येतेच आहे."

झालं. दोघींच्या मते बोलणं पूर्ण झालं होतं. रात्रीची संचारबंदी नऊला लागायची, त्याच्या आत बायको काचीगुड्याला पोचली. बाबांचं जेवण, औषधं, दर अर्ध्या तासानं बोटाला ऑक्सिमीटर, यात दुसऱ्या सिलिंडरचा विषय पुन्हा निघालाच नाही.

रात्री दीडला काटा लाल पट्ट्यात गेला. बायको म्हणाली, "मी खालून दुसरं घेऊन येते," आणि जिने उतरली. पार्किंगमध्ये वॉचमनची खुर्ची, एक सायकल, पाण्याचा ड्रम. सिलिंडर नाही. धापा टाकत वर आली.

"आई, खाली काहीच नाही!"

"अगं, खालीच तर आहे! म्हणून तर तुला सांगितलं!"

बायको साताऱ्याची. तिच्या मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट. माझी आई जन्मापासून हैदराबादची. तिच्या मराठीत खाली म्हणजे तेही आणि रिकामंही. दुसरं सिलिंडर मागच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली उभं होतं, पूर्ण रिकामं. आईला वाटलं होतं सून भरायची व्यवस्था करून येते आहे. सुनेला वाटलं होतं भरलेलं सिलिंडर वॉचमनकडे आलं आहे.

पहिल्या मजल्यावर एक तेलुगू कुटुंब राहतं. त्यांच्याकडे आजींसाठी आणलेला कॉन्सन्ट्रेटर होता आणि आजी बऱ्या झाल्या होत्या, एवढं आईला आठवलं. बायकोनं जाऊन त्यांचं दार वाजवलं. तिला तेलुगू येत नाही आणि घाबरलेल्या माणसाला हिंदीही सुचत नाही. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "अंकल, सिलिंडर खाली!"

"खाळी अयिपोयिंदा?" म्हणजे, संपलं का? एवढं विचारून ते आत गेले आणि मशीन ढकलत बाहेर आले. ते आणि त्यांचा मुलगा दोघांनी ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं. दोनच्या आत बाबांच्या नाकाला पुन्हा नळी लागली. मला हे सगळं सकाळी कळलं.

बाबा त्यातून निघाले, आता रोज सकाळी फिरायला जातात. पण त्यानंतरचे काही दिवस घरात चांगले नव्हते. मी फोनवर बायकोला बोलू नये ते बोललो; एवढं साधं कळलं नाही का तुला, वगैरे. जी बाई माझ्या वडिलांसाठी रात्रभर उभी होती तिला. त्याची माफी मी नंतर मागितली, पण ते वाक्य काही परत घेता आलं नाही. पुण्याच्या एका नातेवाइकांनी हसत हसत म्हटलं, "तुमची ती हैदराबादी मराठी एक दिवस जीव घेईल." आईनं ते मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून ती सुनेशी बोलताना शब्द तोलायला लागली. 'खाली'च्या जागी 'रिकामं', 'जल्दी'च्या जागी 'लवकर'. घरच्याच माणसांशी इंटरव्ह्यू दिल्यासारखं बोलणं. मला ते बघवेना.

म्हणून मी शब्दाच्या मागे लागलो. पहिला अंदाज सगळ्यांचा असतो तोच माझा होता, की शब्द एकच आणि हिंदीनं त्याचा अर्थ फिरवला. तो साफ चुकीचा निघाला. हे दोन वेगळे शब्द आहेत, दोन वेगळ्या घराण्यांतले. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, दोन वेगळ्या प्रोग्रॅममधले व्हेरिएबल, नाव तेवढं सारखं पडलं आणि कुणीतरी दोन्ही फायली एकत्र केल्या.

मराठीतला 'खाली' हा 'खाल' म्हणजे सखल भाग, त्यातला. खालचा, खालावणे, ही सगळी त्याची भावंडं. कोकणात किनाऱ्यालगतच्या सखल पट्टीला खलाटी म्हणतात आणि डोंगराकडच्या उंच भागाला वलाटी. (आपल्या गोव्याच्या वाचकांना मात्र याचा उपयोग नाही, कोंकणीत वर-खाली म्हणजे वयर आणि सकयल.)

हिंदीतला खाली अरबीतून आला, फारसीच्या वाटेनं. मूळ अर्थ रिकामा, मोकळा, एकटा. अरबस्तानातल्या प्रचंड वाळवंटाचं नाव रुब अल खाली, म्हणजे रिकामा चतुर्थांश. याच धातूतून 'तखलिया', जे म्हटल्यावर 'मुगल-ए-आझम'मध्ये दरबार रिकामा होतो. याच धातूतून 'खलवत', म्हणजे एकांत. आता जरा थांबून बघा. हैदराबादेत चौमहल्ला पॅलेसच्या दरबार हॉलचं नाव खिलवत मुबारक, आणि त्या वस्तीलाही आम्ही खिलवतच म्हणतो. आणि मराठीत? 'खलबत'. किल्ल्यांवरचा खलबतखाना, आणि रोजच्या वर्तमानपत्रातली 'बंद दाराआड खलबते'. म्हणजे जो शब्द आईच्या तोंडी हैदराबादी म्हणून हिणवला गेला, त्याचा सख्खा भाऊ शिवकाळापासून मराठीत मानानं नांदतो आहे. पुण्याच्या त्या नातेवाइकांना मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात हे दोन्ही शब्द आहेत. लिहिण्यात फरक होता. 'वर-खाली'मधला 'खालीं', शेवटी अनुस्वार. रिकामा या अर्थाचा 'खाली' बिनअनुस्वाराचा. जुन्या पुस्तकांत हा अनुस्वार सर्रास दिसतो. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले आणि दोन शब्द लिहितानाही एकसारखे झाले. मी नियम करणाऱ्यांना दोष देत नाही, लहानपणी तो अनुस्वार मला आठवला नसताच. शिवाय फोनवर अनुस्वार कुणाला दिसणार होता?

पुढचा प्रश्न, आईच्या मराठीत अरबी खाली आला कुठून? तो शेजाऱ्यांकडून आला नाही, शाळेतून आला. निजामाच्या राज्यात राज्यकारभार उर्दूतून चालायचा, १९१८ ला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून होतं. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, उर्दूतून शिकले आणि घरी मराठी बोलले. ज्या माणसाची गणितं उर्दूत झाली त्याचा माठ खालीच होणार. तेलुगूत, कन्नडमध्ये, तमिळमध्येही हा शब्द रिकामा याच अर्थानं गेला. म्हणूनच पहिल्या मजल्यावरच्या काकांना दोन शब्दांत सगळं कळलं. बडोद्याकडे तर त्याचं 'फक्त'ही होतं, 'खाली पाँच मिनिट' म्हणजे फक्त पाच मिनिटं. या सगळ्या वस्तीत अडखळतो तो फक्त मराठी माणूस, कारण त्याच्याकडे ती जागा आधीच भरलेली आहे.

आणि मीही अडखळलो होतोच. चौथीत तबल्याच्या क्लासला जायचो. तीनतालात पहिली, पाचवी, तेरावी मात्रा टाळी, नववी खाली. सर 'खाली' म्हणाले की टाळी न वाजवता हात मोकळा सोडायचा. मी कित्येक आठवडे इमानदारीनं हात मांडीपर्यंत खाली न्यायचो. आईकडून रिकामा हा अर्थ रोज ऐकत असूनही! सरांनी हात धरून सांगितलं, अरे, खाली म्हणजे इथे ठोका नाही, एवढंच. डोक्यात मराठीचे दोन कप्पे असतात हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

हे सगळं मी एका रविवारी आईला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं. खलबतखान्यापाशी आई पहिल्यांदा हसली. बायकोनं विचारलं, "म्हणजे आई बरोबर होत्या?" मी म्हटलं, दोघीही. ती म्हणाली, "मग मला त्या रात्री ओरडलास ते?" त्याला माझ्याकडे व्युत्पत्ती नव्हती.

गेल्या महिन्यात बायकोचा आईला फोन चालू होता, मी शेजारीच होतो. "आई, आमचा गॅस खाली झालाय, तुमच्याकडचं एक सिलिंडर मिळेल का?"

पलीकडून आईचा आवाज स्पीकरवर आला, "मिळेल की. खाली ठेवलंय."

दोन सेकंद दोघीही गप्प. मग आईच म्हणाली, "वॉचमनकडे गं. भरलेलं."