प्रोसेसर आणि पाठभेद

पडद्यावर हलणाऱ्या कवितेविषयी लिहिताना आपण 'लय' हा शब्द फार सैलपणे वापरतो. छापील कवितेची लय वाचकाच्या हाती असते. हलत्या कवितेची लय यंत्राच्या हाती जाते, आणि यंत्राला ती दर वेळी पेलतेच असे नाही. म्हणूनच अशा रचनेचा प्रोसेसरवर किती भार पडतो हे मोजणे केवळ तंत्रज्ञांचे काम आहे, असे मला वाटत नाही. मात्रा मोजणाऱ्या अभ्यासकाने हेही मोजले पाहिजे.

फ्लॅशचे उदाहरण घेऊ. सेकंदाला किती फ्रेम दाखवायच्या हे कर्ता ठरवून देई. प्रोसेसर थकला की फ्रेम उशिरा येत आणि सारी रचनाच संथ होई. मात्र ध्वनी 'स्ट्रीम' पद्धतीने जोडलेला असला, तर आवाजाशी मेळ राखण्यासाठी मधल्या फ्रेम गाळल्या जात. म्हणजे एका संगणकावर विलंबित लय, तर दुसऱ्यावर चक्क गाळलेला मजकूर! सोलच्या यंग-हे चँग हेवी इंडस्ट्रीज या द्वयीच्या 'डाकोटा'त शब्द आर्ट ब्लेकीच्या ड्रमच्या ठेक्यावर पडद्यावर आदळतात. अशा रचनेत दोन-चार फ्रेम हरवणे हा बिघाड नव्हे, तो पाठभेद आहे. आणि पाठभेदाची नोंद आपण हस्तलिखितांच्या बाबतीत किती निष्ठेने करतो!

मोजायचे कसे? टक्केवारी पाहून समाधान मानणे फसवे आहे. विंडोजचा टास्क मॅनेजर सर्व कोअर मिळून १०० धरतो. मॅकवरील ॲक्टिव्हिटी मॉनिटर एकेका कोअरला १०० धरतो. चारपैकी एक कोअर पूर्ण गुंतला, तर एकीकडे साधारण २५ दिसतील, दुसरीकडे १००. शिवाय प्रोसेसर आपला वेग सतत कमीजास्त करतो, आणि रेखाटनाचे काम ग्राफिक्स प्रोसेसरकडे गेले तर ते या आकड्यात येतच नाही. त्यापेक्षा प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ पाहावा. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. वीस लागले, तर ती फ्रेम पुढच्या पाळीपर्यंत खोळंबते. ब्राउझरमधील विकासकांच्या साधनांत हे आलेखरूपाने दिसते. इथे सरासरीवर विसंबू नये. सर्वांत रेंगाळलेली फ्रेम कोणत्या शब्दाशी आली ते पाहावे. कवीने न योजलेला यती तिथे पडलेला असतो.

फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्यातल्या बऱ्याच जुन्या रचना आज रफलसारख्या अनुकरण-प्रणालीतून, त्या काळाच्या कितीतरी पट वेगवान यंत्रांवर पाहाव्या लागतात. तेव्हाची मंदगती त्यांत उरत नाही. ती दोष होती की अनुभवाचा भाग, हा वाद जरूर व्हावा. पण त्याआधी प्रबंधात आवृत्ती देतो तसा संगणक, ब्राउझर आणि फ्रेमचा वेळ नमूद करावा. विभागात जुना संगणक धूळ खात पडला असेल, तर त्यावरही ती रचना एकदा चालवून पाहावी.