काचा वर, बाकीचे गेले उडत!

सिंगापुरात गाडी घेणं हा काय प्रकार असतो हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इथे गाडीच्या आधी गाडी बाळगण्याचा हक्क विकत घ्यावा लागतो. सीओई म्हणतात त्याला. १९९० पासून ही पद्धत आहे. लिलावात बोली लावायची, आणि मिळालेला कागद दहा वर्षं चालतो. २०२३ मध्ये या कागदाचा भाव एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला. म्हणजे साठ लाख रुपयांच्या वर, आणि त्यात अजून एक चाकसुद्धा आलेलं नाही!

आता एवढे पैसे मोजून माणूस गाडीत बसतो, एक्सप्रेसवेवर ऐंशीच्या वेगाला पोचतो, आणि त्याच्या लक्षात येतं की आत सारखी घूंऽऽ अशी घरघर येतेय. ती इंजिनाची नसते. सरळ रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या पुढे गेलं की साध्या कारमध्ये इंजिनापेक्षा टायर जास्त ओरडतो. (म्हणून 'इलेक्ट्रिक गाड्या आल्या की रस्ते शांत होतील' असं कुणी म्हणालं तर त्यांना चहा पाजा आणि विषय बदला.) मग साहेब गाडी वर्कशॉपमध्ये नेतात. दारांचे आतले पत्रे, डिकी, चाकांवरच्या कमानी, सगळं उघडून ब्युटाइल रबराच्या चादरी चिकटवतात, वरून फोम. माझा धंदा आवाज आणि कंपनांचा असल्यामुळे ओळखीतल्या कुणीही गाडी घेतली की मला फोन येतो, "अरे, कुठली चादर चांगली रे?"

चादरीचं आधी सांगतो, म्हणजे एकदाचं सुटेल. टायरचा आवाज आत दोन वाटांनी येतो. एक हवेतून, म्हणजे काचा, दारांची रबरं, पत्रा यांतून. दुसरी वाट लोखंडातून. रस्त्याच्या खडबडीनं टायर थरथरतो, ती थरथर सस्पेन्शनमधून बॉडीत जाते आणि अख्खी गाडी तबल्यासारखी वाजते. साधारण चार-पाचशे हर्ट्झच्या खालची जी गुरगुर ऐकू येते ती बहुतेक या दुसऱ्या वाटेची. त्यात भर टायरच्या पोटातल्या हवेची. त्या हवेच्या कड्याचा घेर दीड-पावणेदोन मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर, भागाकार केला की दोनशेच्या आसपास हर्ट्झ. तो सूर टायर बदलला तरी फारसा हलत नाही. म्हणून तर काही कंपन्या टायरच्या आतच फोमचा पट्टा चिकटवून विकतात. चादरीनं पत्र्याची झणझण मरते, दार लावताना कसा भारी 'धप्प' आवाज येतो, आणि मालकाला वाटतं पैसे वसूल. पण मधली गुरगुर तशीच. आवाज वजनानं अडवायचा म्हटलं तर वजन दुप्पट केल्यावर फार तर ६ डेसिबल मिळतात, आणि ते वजन तुम्ही दहा वर्षं पेट्रोल जाळून फिरवणार. तेव्हा टायरची हवा तपासा, दारांची रबरं तपासा, टायर बदलायची वेळ आली की शांत टायर घ्या, आणि उरलेल्या पैशात आईवडिलांना सिंगापूर फिरवा.

पण माझं खरं भांडण चादरीशी नाहीच. ते या सगळ्या शास्त्राचं तोंड जिकडे वळलंय त्याच्याशी आहे. आवाज कमी करायचा म्हणजे गाडीच्या आतला कमी करायचा, हे आपण कधी ठरवलं? ह्युंदाईनं २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एक तंत्र जाहीर केलं. रस्त्यावरून येणारी थरथर सेन्सरनं पकडायची, काही मिलिसेकंदांत उलट लाट तयार करायची आणि ती स्पीकरमधून सोडून आतला आवाज मारायचा. ३ डेसिबलची घट. इंजिनिअर म्हणून मी टोपी काढतो, काम अवघड आहे. पण ती घट फक्त आत बसलेल्यांच्या कानापुरती. बाहेर तेच टायर, तोच रस्ता, तोच गोंगाट. उलट आत शांत झालं की वेगाचा अंदाज चुकतो आणि पाय थोडा जास्त दाबला जातो. वेग दुप्पट झाला की टायरचा आवाज ९ ते १२ डेसिबलनी वाढतो, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात आठ ते सोळा पट. तो कुणाच्या घरात जातो?

सिंगापुरात त्याचं उत्तर खिडकीतून दिसतं. इथे दहापैकी जवळजवळ आठ माणसं सरकारी एचडीबी इमारतींत राहतात, आणि अर्ध्याहून जास्त घरांत गाडी नाही. उकाडा बारा महिने, त्यामुळे खिडक्या उघड्या. रहदारीच्या आवाजासाठी इथल्या पर्यावरण खात्याचा आकडा आहे तासाच्या सरासरीला ६७ डेसिबल. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ लिहिले आहेत. कागदावर आपण किती सोज्वळ!

याच उघड्या खिडकीवर नानयांग विद्यापीठातल्या लोकांनी २०२० मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये एक सुंदर प्रयोग छापला. खिडकीच्या गजांवर २४ छोटे स्पीकर बसवायचे, बाहेरचा आवाज मायक्रोफोननं ऐकायचा आणि उलट लाट सोडायची. हवा आत येते, आवाज १० डेसिबलपर्यंत कमी होतो. स्पीकर लहान असल्यामुळे ३०० हर्ट्झच्या खाली फारसा उपयोग नाही, पण टायरचा मुख्य आवाज हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बराचसा हाती लागतो. मला हा प्रयोग मनापासून आवडला. आणि वाचता वाचता संतापही आला. म्हणजे गाडीवाल्यानं स्वतःच्या कानाला स्पीकर लावायचे, आणि ज्याच्याकडे गाडीच नाही त्यानं स्वतःच्या खिडकीला! आवाज जिथे जन्मतो ती टायरखालची तळहाताएवढी जागा मात्र कुणाच्याच खात्यात नाही.

अगदीच नाही असं नाही म्हणा. युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल असतं, त्यावर डेसिबलचा आकडा. तो आकडा गाडीच्या आतला समजून लोक टायर घेतात. तो बाहेरचा असतो! इंजिन बंद करून ऐंशीच्या वेगानं गाडी सोडायची आणि साडेसात मीटरवरच्या मायक्रोफोननं ऐकायचं. म्हणजे ते लेबल फुटपाथवरच्या माणसासाठी आहे, आणि विकत घेणारा वेगळाच. भारतातही २०२२ च्या अधिसूचनेनं टायरच्या आवाजाला मर्यादा आणल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. पण टायर हे अर्धंच वाद्य. उरलेलं अर्धं रस्ता.

आणि इथे मंडळी, तुमचा संबंध येतो. कारण महाराष्ट्रात सध्या रस्ता नव्यानं ओतला जातोय. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ मध्ये पुरा सुरू झाला, तो काँक्रीटचा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तोही काँक्रीटचा. मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये साधारण ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचं भूमिपूजन झालं, सहा हजार कोटींच्या आसपासचं काम. खड्ड्यांना विटलेल्या माणसाला काँक्रीट हवंसं वाटणारच. मलाही वाटतं. पण काँक्रीट एकदा ओतलं की तीस वर्षं तसंच, आणि त्याचा आवाजही तीस वर्षं.

पावसात चाक घसरू नये म्हणून ओल्या काँक्रीटवर लोखंडी कंगवा ओढतात. तो रस्त्याला आडवा ओढला आणि रेघा समान अंतरावर पडल्या की रस्त्याची शिट्टी होते. समजा रेघांत २० मिलिमीटर अंतर आहे आणि गाडी ताशी १०० किलोमीटरनं जातेय. टायर सेकंदाला सुमारे १,४०० रेघांवर आपटतो. १,४०० हर्ट्झ, कानाला नेमका टोचणारा सूर. त्यावर साडेचार मीटरवर येणारे सांधे, सेकंदाला सहा ठोके. तीच कंगव्याची रेघ रस्त्याच्या लांबीच्या दिशेनं ओढली तर शिट्टी जाते. कॅलिफोर्निया ते फार वर्षं करतंय. आधीच ओतलेल्या रस्त्याचा वरचा थर हिऱ्याच्या पात्यांनी लांबीच्या दिशेनं घासला तरी आवाज उतरतो. ॲरिझोना राज्यानं २००३ पासून फिनिक्स परिसरातल्या निवासी वस्त्यांजवळच्या काँक्रीट फ्रीवेंवर जुन्या टायरांचा रबर मिसळलेलं डांबर पसरलं, ११५ मैल. पुढे तो थर झिजला, तेव्हा त्यांनी काही ठिकाणी तो काढून खालचं काँक्रीट घासायला घेतलं. म्हणजे काँक्रीट आणि शांतता यांचं वैर नाही. वैर आहे ते आडव्या कंगव्याशी.

नेदरलँड्समध्ये हमरस्त्यांवर सच्छिद्र डांबर वापरतात, आवाज आणि पाणी दोन्ही पोटात घेतं. ते मात्र आपल्या शहरांत घालू नका. भोकांत माती बसली की संपलं. सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत फ्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भोकं बुजण्याच्या याच दुखण्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. इथल्या धुतल्यासारख्या रस्त्यांची ही गत, तर आपल्या बांधकामाच्या डंपरमागे काय होईल!

"आधी हॉर्न बंद करा, मग टायरचं बघू", हे मला पुण्याच्या मित्रांकडून हमखास ऐकायला मिळतं. हॉर्न वाईटच आहे. पण हॉर्न माणसाच्या अंगठ्यात आहे, उद्या दंड कडक केला तर उद्या कमी होईल. रेघा काँक्रीटमध्ये आहेत. आणि गल्लीबोळात टायरचा प्रश्न नाहीच, तिथे वेग कुठला! प्रश्न आहे तो बायपासला खेटून वीस मजले उभे राहतात तिथे. वारजे, बाणेर, बालेवाडी. तिथल्या बिल्डरच्या जाहिरातीत 'हायवेपासून दोन मिनिटं' असं लिहिलेलं असतं. रात्री दोन वाजता हायवे तुमच्यापासून किती मिनिटं, हे नसतं.

तर कुठली चादर चांगली ते मी आता सांगत नाही. तुमच्या भागात मोठा रस्ता काँक्रीटचा होणार असेल तर नगरसेवकाला, नाहीतर वॉर्ड ऑफिसातल्या इंजिनिअरला टेंडरमधलं एकच कलम दाखवायला सांगा. पृष्ठभागाचा पोत. आडवा की उभा, रेघांतलं अंतर किती, समान की कमीजास्त. उभ्या रेघांसाठी कंगवा वेगळ्या रीतीनं बसवावा लागतो, ठेकेदार कुरकुर करेल. पण ते ओतायच्या आधी, कारण काँक्रीट काही तासांत घट्ट होतं.