सुरी घेताना लांबी नव्हे, काम पाहा

बकरी ईद जवळ आली की सुऱ्यांची खरेदी सुरू होते. आंजी (मोठी) सारख्या गावातला माणूस त्यासाठी वर्ध्याला किंवा आर्वीला जातो. अलीकडे मोबाईलवरूनही माल मागवला जातो. दुकानदाराने पाच-सात नग समोर मांडले की बहुतेकांचा हात सर्वात लांब आणि सर्वात चकचकीत पात्याकडे जातो. आमच्या ओळखीच्या एका मांसविक्रेत्याने अशीच चौदा इंची सुरी हौसेने घेतली. दुसऱ्याच आठवड्यात मूठ सैल झाली, ओल्या हातात पाते फिरले आणि तळहाताला टाके पडले. पंधरा दिवस दुकान बंद राहिले. सुरी स्वस्त मिळाली होती खरी, पण बुडालेली कमाई कोणत्या खात्यात मांडायची?

सुरी ही धंद्यातील भांडवलाची वस्तू आहे. शिंपी मशीन घेताना दहा जणांना विचारतो, सुतार रंधा हातात धरून पाहतो; मग रोज हातात राहणारी सुरी केवळ डोळ्यांनी पसंत का करावी? मोठी सुरी घेताना तीन प्रश्न विचारावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. काम कोणते? पोलाद कोणते? आणि उद्या धार गेली, मूठ हलली, तर ती दुरुस्त कोण करणार?

प्रथम कामाचे पाहू. जबह करण्याची सुरी आणि हाडे फोडण्याचा सत्तूर ही दोन वेगळी हत्यारे आहेत. जबहसाठी पाते सरळ, पातळ आणि जनावराच्या मानेच्या रुंदीच्या किमान दुप्पट लांबीचे असावे, असा जाणकारांचा दंडक आहे. बोकडाची मान चार इंच धरली तर आठ इंचांचे पाते पुरते. नऊ-दहा इंचांचे घेतले तर हात मोकळा चालतो. त्यापेक्षा लांब पाते लहान जनावरासाठी केवळ ओझे होय. पाते फार आखूड असेल तर ते मानेवर पुन्हा पुन्हा घासावे लागते आणि जनावराला त्रास होतो. सुरी धारदार असावी आणि जनावराला कमीत कमी यातना व्हाव्यात, ही शिकवण आपल्यापैकी प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक आहे. मात्र याच पातळ सुरीने हाड तोडू गेल्यास धारेला खाच पडते आणि ती सुरी जबहच्या कामाची राहत नाही. हाडासाठी जाड पाठीचा, वजनदार सत्तूर वेगळा ठेवावा. एकाच हत्यारात दोन कामे उरकण्याचा मोह शेवटी महागच पडतो.

आता पोलाद. आपल्याकडील लोहार ट्रकच्या तुटलेल्या पाट्यापासून सुऱ्या, कोयते आणि सत्तूर घडवतात. हे पोलाद चिवट असते. त्याला पाणी नीट दिले तर धार चांगली टिकते आणि निसण्यावर लवकर परत येते. शेतीच्या आणि लाकडाच्या कामाला याच्यासारखे दुसरे नाही. पण त्याला गंज चढतो. शिवाय अन्नसुरक्षा कायद्याखालील 2011 च्या परवाना व नोंदणी नियमांत मांसविक्रीच्या दुकानातील सुऱ्या, अवजारे आणि आकडे स्टेनलेस स्टीलचे असावेत, असे म्हटले आहे. तेव्हा दुकानासाठी खरेदी करणाऱ्याने स्टेनलेसच घ्यावे.

परंतु सगळे स्टेनलेस सारखे नसते. खरेदीला जाताना खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. पात्याला तो चिकटलाच नाही, तर ते बहुधा भांड्यांचे स्टेनलेस समजावे. त्याला पाणी चढत नाही आणि धार दोन दिवसांत बसते. चुंबक चिकटला म्हणून माल उत्तमच असेल असे नाही; पण न चिकटणारे पाते खुशाल बाजूला ठेवावे. नंतर धारेच्या कडेवर बारीक कानस हलकेच फिरवू द्याल का, असे दुकानदाराला विचारा. कानस घसरली तर पाते कडक आहे; लोण्यासारखी रुतली तर नरम. धारेवरून नख आडवे, अलगद नेले की खाच असल्यास लगेच कळते. धारेजवळ निळसर डाग दिसला, तर ती यंत्रावर घासताना तापली आणि तिचे पाणी उतरले, असे समजा.

मुठीकडे तर कोणी पाहतच नाही. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे आणि किमान दोन-तीन रिवेटांनी पक्के केलेले असावे. केवळ दोन बोटे आत खुपसून डिंकाने चिकटवलेले पाते एक दिवस हात कापणारच. चरबी लागलेल्या ओल्या हातातून जी मूठ निसटत नाही, तीच चांगली. म्हणून दुकानातच हात ओला करून धरून पाहावे. यात लाज कसली?

कायद्याचेही भान हवे. शस्त्र अधिनियम 1959 खालच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणजे दुकानातला सत्तूर हे अवजार आहे. दोन्ही बाजूंनी धार असलेला, नक्षीचा खंजीर मात्र अवजार ठरत नाही. 2018 च्या मे महिन्यात औरंगाबादेत पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू जप्त केले, ते विसरू नये. हौसेखातर असला माल घरात आणणे म्हणजे पैसे देऊन संकट विकत घेणे होय. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणासुदीला जमावबंदीबरोबर चाकू बाळगून फिरण्यावरही बंदी येते. म्हणून सुरीची पावती घ्यावी, त्यावर कामाचा उल्लेख करून घ्यावा. ने-आण करताना सुरी कापडात गुंडाळून डब्यात बंद ठेवावी आणि दुकानाच्या नोंदणीची प्रत जवळ असू द्यावी.

आता तिसरा प्रश्न, दुरुस्तीचा. मोबाईलवरून आलेल्या सुरीची मूठ हलली तर कोणाकडे जाणार? गावाजवळचा लोहार आणि दारावर येणारा शिकलगार यांच्या हातात आपल्या हत्यारांचे आयुष्य आहे. वर्ध्यातच 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पांनी मगनवाडीत बसून हेच सांगितले की, स्वस्त वस्तूची किंमत शेजारच्या कारागिराच्या रोजगाराने चुकवावी लागते. आपण दूरच्या कारखान्याचा चकचकीत माल घ्यायचा आणि शिकलगाराकडे मात्र धारेपुरते दोन-चार रुपयांसाठी घासाघीस करायची, हा कोणता न्याय?

पण दोष एकाच बाजूचा नाही. दुकानांना स्टेनलेस हवे असेल, तर आपल्या कारागीर बांधवांनीही ते शिकले पाहिजे. पाणी चढणारी स्टेनलेसची जात कोणती, ती किती तापवायची, यंत्रावर घासताना वरचेवर पाण्यात कशी बुडवायची, हे ज्ञान आता दुर्मिळ नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसायांमध्ये लोहार आणि अवजारे बनवणारे यांचा समावेश आहे. त्यात प्रशिक्षण, रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत एकूण तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाचे कर्ज अशी तरतूद आहे. आपल्यातील किती जणांनी चौकशी केली? व्याजाच्या कारणाने कर्ज नको असेल, तर नुसते प्रशिक्षण आणि अवजारांचे साहाय्य घ्यायला काय हरकत आहे?

तेव्हा व्यापारी बांधवांनो, येत्या ईदची वाट न पाहता महिनाभर आधी आपल्या लोहाराकडे जा. काम सांगा, माप द्या, स्टेनलेस हवे असल्यास तसे सांगा आणि रास्त मोल द्या. कारागीर बांधवांनो, तुम्ही पात्यावर आपली खूण ठोका, पावती द्या आणि वर्षभर धार लावून देण्याची हमी द्या. ग्राहकाला हत्याराचा भरवसा मिळेल आणि कारागिराला बाराही महिने काम मिळेल. लांब पाते आठ दिवस मिरवता येईल; चोख पाते दहा वर्षे पोट भरील.