सुचलेले आणि उचललेले

शहाड स्थानकाजवळच्या उल्हासनगरच्या बाजारपेठेविषयी ‘मेड इन यूएसए’ ही कोटी जुनी आहे. परंतु मूळ वस्तू आणि नक्कल यांतील सीमारेषा ठरविताना मोठमोठ्या न्यायालयांतही मतभेद झालेले आहेत.

पडद्यावर बोट सरकवून फोनचे कुलूप उघडण्याच्या युक्तीवर ॲपलने पेटंट घेतले होते. आयफोन 2007 साली आला; त्यापूर्वीच निओनोड या स्वीडिश कंपनीचा फोन बोट सरकवून उघडत असे. बोटाबरोबर सरकणारे चित्र ही ॲपलची भर. ती जाणकाराला सहज सुचण्याजोगी आहे, असे लंडनच्या न्यायालयाने 2012 मध्ये ठरविले. जर्मनीच्या संघीय न्यायालयानेही 2015 मध्ये पेटंट रद्द केले. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने मात्र 2016 मध्ये सॅमसंगविरुद्धच्या दाव्यात तीच युक्ती वैध मानली.

आपल्याकडे पेटंट कायदा, 1970 अन्वये जाणकाराला उघड दिसणारी गोष्ट शोध ठरत नाही. डिझाइन कायदा, 2000 नव्या व मूळ रूपाला नोंदणीनंतर 10 वर्षे, आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी 5 वर्षे संरक्षण देतो.

फोनची कव्हरे व चार्जर विकणाऱ्या पेढीसमोरचा प्रश्न याहून सोपा आहे. स्वतःच्या नावाने ‘अमुक फोनला बसणारे’ कव्हर विकणे हा व्यापार; परक्याचे बोधचिन्ह छापून तेच अस्सल म्हणून देणे ही फसवणूक. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे, तो यासाठीच. युक्ती कोणाला आधी सुचली, हे न्यायाधीश ठरवतील. गल्ल्यावर बसलेल्याला आपला माल कोणता, हे ठाऊक असते.