गोरेवाड्याचे वाघ, कझाकस्तानची हरणं आणि आपली बकरी

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. माणसांशी संघर्ष झाल्यानंतर चंद्रपूरहून इथे आणलेली ही जनावरं. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारीच्या सुरुवातीला अहवाल आला: एच५एन१, म्हणजेच बर्ड फ्लू. संशय खाद्य म्हणून दिलेल्या कोंबडीच्या मांसावर गेला.

इतवारीपासून गोरेवाडा फार तर दहा-बारा किलोमीटर. अशी बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न वाघाचा नसतो, चिकनचा असतो. आज घ्यायचं की नाही? दुकानदार सांगतो, भाव पडला. हॉटेलवाला म्हणतो, गिऱ्हाईक तुटलं. मोबाईलवर अफवा फिरतात आणि बोटं मांस विकणाऱ्यांकडे वळतात. म्हणून आधी दोन गोष्टी स्पष्ट करू. संशय म्हणजे निकाल नव्हे. आणि नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. ७० अंश तापमान त्याला पुरेसं आहे. आपण शिजवून खातो, वाघ कच्चं खातो. फरक तिथे आहे.

पण एवढ्यावर विषय संपत नाही. पाळीव जनावरांचे आजार रानात पोहोचले तर काय होतं, हे समजून घ्यायला मध्य आशियात डोकवावं लागेल.

कझाकस्तानच्या गवताळ माळांवर सायगा नावाचं हरण राहतं. आकाराने साधारण बकरीएवढं, नाक सोंडेसारखं लोंबतं. मे २०१५ मध्ये माद्या पिल्लं घालायला एकत्र जमल्या असताना तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सायगा मेले. आजार कोणता? आपल्या शेतकऱ्यांना चांगला माहीत असलेला घटसर्प! त्याचे जंतू निरोगी जनावराच्या घशातही गुपचूप असतात. त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त उष्मा आणि दमटपणा आला आणि जंतू उसळले. पावसाळ्याआधी गाई-म्हशींना आपण जी लस टोचून घेतो, ती याच आजाराची.

दुसरा घाव मंगोलियात बसला. २०१६ मध्ये तिथल्या शेळ्या-मेंढ्यांत पीपीआर पसरला. वर्ष सरता सरता तो सायगांत शिरला आणि निम्म्याहून अधिक कळप गेला असा अंदाज आहे. हा आजार माणसाला होत नाही, पण बकऱ्यांना ताप, नाक गळणं, तोंडात फोड, जुलाब होऊन त्या पटापट मरतात. विदर्भात बकरी पाळणाऱ्या घरांना हे चित्र सांगायची गरज नाही.

चांगली बातमीही आहे. कझाकस्तानने शिकारबंदी कडक केली, राखीव माळ वाढवले, गस्त घातली. सायगाची मादी बहुधा जुळी पिल्लं देते. २०२३ च्या मोजणीत तिथे सुमारे १९ लाख सायगा भरले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक यादीतला त्यांचा 'अतिसंकटग्रस्त' हा शिक्का निघाला. वाघाचं तसं नाही. वाघीण दोन-अडीच वर्षांतून एकदा विते. गेलेला वाघ लवकर भरून निघत नाही.

आपल्याकडे याचा संबंध वाघापुरताच नाही. वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट आहेत, आणि विदर्भातले काळवीट शेतात, पडीक माळावर चरतात. तिथेच बकऱ्यांचे कळपही चरतात. कुंपण कुठेच नाही. कळपाला लस टोचली तर बकरी वाचते, आणि शेजारचं रानही वाचतं.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: रानातल्या जनावरांची राखण फक्त वनखात्याच्या हातात नाही. आजार सगळ्यात आधी दिसतो तो बकरी पाळणाऱ्याला, कोंबड्या वाढवणाऱ्याला, गाडी उतरवून घेणाऱ्या दुकानदाराला. यांत आपल्या समाजाची माणसं मोठ्या संख्येने आहेत. मग ती गप्प का बसतात? भीती असते. धंदा बंद पडेल, बदनामी होईल. पण हिशोब उलटा आहे. साथीत सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे जो उशिरा सांगतो, तोच जास्त बुडतो.

सरकारचीही जबाबदारी आहे. भरपाई वेळेवर हातात पडली तरच लोक तोंड उघडतील. बचाव केंद्रात जाणारं मांस तपासूनच जायला हवं. आणि पीपीआरची लस, जिचं संरक्षण सुमारे तीन वर्षं टिकतं, ती गावोगावच्या बकऱ्यांपर्यंत पोहोचायला हवी. हा आजार २०३० पर्यंत जगातून संपवायचं उद्दिष्ट ठरलेलं आहे. दिवस थोडे उरलेत.

आजारी जनावर निरोगी कळपात आणू नये, ही शिकवण आपल्याला हदीसमधून मिळालेली आहे. कुर्बानीलाही आजारी जनावर चालत नाही. बकरी ईदच्या बाजारात आपण दात बघतो, वजन बघतो, भाव करतो. या वेळी एक प्रश्न आणखी विचारू या: भाई, लस टोचली आहे का? गिऱ्हाईक विचारू लागलं की विकणारा टोचून आणेलच.