शाहूनगरचा आवाज आणि मतांचा बाजार

वाचकहो, टीव्हीवर गाण्याची स्पर्धा सुरू झाली की आमच्या चाळीत एक गंमत असते. ज्याला 'सा' कुठे लागतो हे ठाऊक नाही, तोही त्या रात्रीपुरता परीक्षक होतो. 'हा बेसूर झाला', 'तिची वरची पट्टी फाटली', 'याला उगीच ठेवलाय' असे निकाल भाकरी थापता थापता दिले जातात. यात हसण्यासारखे काही नाही. गाणे ही कानाची गोष्ट आहे आणि कान सगळ्यांना आहेत. म्हणून आजच्या सदरात मीही माझे चार निकाल देणार आहे. पटले तर घ्या, नाही पटले तर भांडा. पण आधी पुरते ऐकून घ्या.

सुरुवात आमच्या माहीमपासूनच करते. 'इंडियन आयडॉल'चे पहिले पर्व सोनी वाहिनीवर २८ ऑक्टोबर २००४ रोजी सुरू झाले आणि ५ मार्च २००५ रोजी त्याचा निकाल लागला. मूळ कल्पना विलायतेची. तिकडे २००१ साली 'पॉप आयडॉल' निघाले, २००२ साली अमेरिकेत 'अमेरिकन आयडॉल' आले, आणि मग ते आपल्या घरात शिरले. सोनू निगम, अनु मलिक आणि फराह खान हे तिघे परीक्षक. शेवटच्या फेरीत दोघे उरले: भिलाईचा अमित साना आणि माहीमच्या शाहूनगरचा अभिजित सावंत. अभिजित जिंकला तेव्हा त्याचे वय होते २३.

शाहूनगर म्हणजे माहीम स्टेशनच्या पूर्वेला, धारावीला खेटून असलेली वस्ती. ज्यांना मुंबई फक्त समुद्राच्या बाजूची माहीत आहे त्यांना रुळांपलीकडचे हे माहीम सहसा दिसत नाही. तिथला मुलगा देशात पहिला आला याचे अप्रूप आम्हाला वाटणारच. पण अप्रूप वेगळे आणि गाण्याची पारख वेगळी.

माझे मत असे. अभिजितचा आवाज सरळ आहे. त्यात दिखाऊ हरकती नाहीत, गळा दाखवायची घाई नाही. गाणे जसे आहे तसे तो ऐकणाऱ्याच्या हातात देतो. ही त्याची जमेची बाजू. उणी बाजू अशी की तो जपून गातो. अवघड जागा आली की अंग चोरतो, धोका पत्करत नाही. अमित सानाचा आवाज त्याच्याहून गोड आणि हळवा, पण मोठ्या मंचावर त्या हळवेपणाचा थरथराट व्हायचा. तिसरा आला राहुल वैद्य. तयारीने पाहिले तर तिघांत तोच पुढे होता असे मी आजही म्हणते. मात्र त्याचा आत्मविश्वास काही वेळा गाण्याच्या पुढे धावायचा, आणि आपल्या लोकांना ते खपत नाही. गुणी पोर नम्र असावे अशी आपली अपेक्षा. ती योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा, पण मते त्या अपेक्षेवर पडतात हे खरे.

लुधियानाचा रविंदर रवी आठवतो का? घरांना रंग लावण्याचे काम करणारा. गळा कच्चा, पण मनापासून गायचा. त्याच्याहून चांगले गाणारे घरी गेले आणि तो आठवडे टिकला, म्हणून तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. माझे म्हणणे असे की दोष त्या मुलाचा नव्हता. स्पर्धेचा नियमच तसा होता.

परीक्षकांचे गुण, प्रेक्षकांची मते

हा नियम नीट समजून घेतला पाहिजे. त्याआधीच्या स्पर्धा निराळ्या होत्या. झी टीव्हीवर १९९५ साली 'सा रे ग म' सुरू झाले तेव्हा सूत्रसंचालक सोनू निगम होता आणि निर्णय संगीतातले जाणकार देत. दूरदर्शनवर १९९६ साली 'मेरी आवाज सुनो' झाले आणि सुनिधी चौहान नावाची चिमुरडी पुढे आली. श्रेया घोषाल लहानपणी 'सा रे ग म' जिंकली आणि २००२ च्या 'देवदास'मध्ये तिचा आवाज घरोघरी पोचला. या मुलींना कोणी एसएमएस केले नव्हते. जाणकारांनी पारखले, आणि पारख बरोबर निघाली.

'आयडॉल'ने शेवटचा शब्द प्रेक्षकाला दिला. वरवर पाहता ही मोठी लोकशाही वाटते. पण आपल्याला मताची किंमत दुसऱ्या कोणी शिकवायला नको. एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण बाबासाहेबांकडून शिकलो. एसएमएसच्या मतदानात एक माणूस पन्नास मते देऊ शकत होता, फक्त खिशात पैसे हवेत. नेहमीपेक्षा जास्त दराचा एसएमएस, आणि त्यातली कमाई वाहिनीला आणि फोन कंपनीला. याला मतदान म्हणायचे की तिकीटविक्री? आता मोबाइलच्या ॲपवर मत देता येते, पण ज्याच्या मागे जास्त माणसे जमवण्याची ताकद तो पुढे, हे गणित तसेच आहे.

तरी या गणिताची दुसरी बाजूही आहे. २००७ साली तिसऱ्या पर्वात प्रशांत तमांग जिंकला. दार्जिलिंगचा मुलगा, कोलकाता पोलिसात शिपाई. दुसरा आला शिलाँगचा अमित पॉल. गाण्यात अमित पॉल सरस होता असे माझे स्पष्ट मत. पण दार्जिलिंगच्या डोंगरातल्या लोकांनी वर्गणी काढून प्रशांतला मते दिली. त्यांची कोणी दखल घेत नव्हते. पडद्यावर एकदा आपला चेहरा दिसावा एवढीच त्यांची तहान होती. ती तहान ज्याला कळत नाही त्याने त्यांना नावे ठेवावीत. आम्हाला ती कळते. फक्त एवढे लक्षात ठेवावे की त्या मतांनी मान मिळतो, गळा तयार होत नाही.

मुलींना मते का कमी?

आता भगिनींसाठी एक हिशेब. पहिल्या पर्वात प्राजक्ता रानडे, अदिती पॉल अशा मुली होत्या, पण शेवटच्या तिघांत एकही मुलगी नव्हती. 'इंडियन आयडॉल'च्या मोठ्यांच्या स्पर्धेत मुलगी पहिल्यांदा जिंकली ती २००९ साली, त्रिपुराची सौरभी देववर्मा. त्यानंतर दुसरी मुलगी, मानसी घोष, जिंकली ती थेट २०२५ साली. मधल्या वर्षांत मुली गात नव्हत्या काय? २०२१ च्या पर्वात अरुणिता कांजीलाल दुसरी आणि आपल्या मुंबईची सायली कांबळे तिसरी आली. सायलीचे वडील रुग्णवाहिकेचे चालक. सायलीचा आवाज भरदार आणि मोकळा. जुनी गाणी गाताना ती कुणाची नक्कल करत नव्हती. माझे मत विचाराल तर ती आणखी वर यायला हवी होती.

आणि जिथे निकाल मुलीच्या बाजूने लागला तिथे काय झाले तेही पाहा. विदर्भातली वैशाली माडे २००८ साली झी मराठीच्या 'सारेगमप'ची विजेती ठरली आणि २००९ साली हिंदी 'सारेगमप'ही जिंकून आली. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'तल्या 'पिंगा'मध्ये श्रेया घोषालसोबत तिचा आवाज आहे. खेड्यातून आलेली, पदराआड वाढलेली मुलगी काय करू शकते याचे दुसरे उदाहरण कशाला?

गरिबीचा तमाशा

एक गोष्ट मला मनापासून खटकते. अलीकडच्या पर्वांत गाण्याआधी गरिबी दाखवतात. आईचे डोळे पुसणे, गळके छप्पर, वडिलांचे घामाने भिजलेले कपडे, पाठीमागे करुण वाद्ये. २०२० साली भटिंड्याचा सनी हिंदुस्तानी जिंकला. तो बूटपॉलिश करायचा हे देशाला इतक्या वेळा सांगितले गेले की त्याच्या आवाजाविषयी बोलायला जागाच उरली नाही. वास्तविक त्या मुलाचा सूर नुसरत फतेह अली खान यांच्या वळणाचा, खणखणीत. ते सांगितले असते तरी पुरेसे होते.

कष्टाची लाज नको, हे आपण आपल्या मुलांना सांगतोच. पण कष्टाचे प्रदर्शन मांडून मते मागणे हे निराळे. ज्याच्या घरी दुःख आहे त्याला दया नको असते, संधी हवी असते. परीक्षकांच्या स्तुतीचेही तसेच. २०२१ च्या मे महिन्यात किशोरकुमारांवरच्या विशेष भागानंतर गायक अमितकुमार यांनी उघड सांगितले की, सगळ्या स्पर्धकांची स्तुती करावी असे आपल्याला सांगण्यात आले होते. खोट्या कौतुकाने मुलाचे नुकसानच होते. चूक दाखवणारा गुरू कडू लागतो, पण तोच उपयोगी पडतो.

जिंकल्यानंतर काय?

जिंकणे म्हणजे नोकरीत कायम होणे नव्हे. अभिजितचेच पाहा. २००५ साली 'आपका अभिजित सावंत' हा अल्बम गाजला, २००७ साली 'जुनून' आला. त्याच वर्षी जकार्ताला झालेल्या 'एशियन आयडॉल'मध्ये तो भारतातर्फे गायला. तिथे सिंगापूरचा हॅडी मिर्झा जिंकला. २०१० साली ज्या स्पर्धेत तो विजेता ठरला तिचेच त्याने सूत्रसंचालन केले. २०१३ च्या 'मंगलाष्टक वन्स मोअर'मधले बेला शेंडेसोबतचे त्याचे मराठी गाणे लग्नाच्या मांडवांत खूप वाजले. २०२४ साली 'बिग बॉस मराठी'त तो दुसरा आला आणि नव्या पिढीला पुन्हा माहीत झाला. एकदा देशात पहिला येऊनही माणसाला वीस वर्षे काम शोधत राहावे लागते, हा त्यातला धडा. तो टिकला याचे मला जिंकण्यापेक्षा जास्त कौतुक आहे.

लातूरचा रोहित राऊत हे दुसरे उदाहरण. २००९ साली झी मराठीच्या 'लिटिल चॅम्प्स'च्या अंतिम पाचांत तो होता. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित यांना मागे राहावे लागले. पण रोहितने गाणे सोडले नाही. अकरा वर्षांनी, २०२० साली, 'इंडियन आयडॉल'मध्ये सनी हिंदुस्तानीच्या पाठोपाठ तो दुसरा आला. हे पाचही जण २०२१ साली त्याच 'लिटिल चॅम्प्स'च्या परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसले. हरलेला परीक्षक होऊ शकतो, हे मुलांना जरूर सांगा.

आपल्या गल्लीतल्या मुली

हे सगळे लिहायचे कारण वेगळेच आहे. आमच्या शेजारची एक मुलगी चौदा एप्रिलला मंचावर गाते तेव्हा माईक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. तिला एका स्पर्धेच्या निवडीला जायचे होते. त्यासाठी ती ज्या क्लासला गेली तिथे तिला सांगण्यात आले की, 'ही जयंतीची गाणी इथे चालत नाहीत, आवाज बारीक कर, सिनेमाचे काहीतरी बसव.' पोरीने आवाज बारीक केला. निवडीत तिला परत पाठवले. आता ती जयंतीलाही बारीकच गाते. हे नुकसान कोणत्या मतदानाने भरून निघणार?

प्रल्हाद शिंदे जून २००४ मध्ये गेले; त्याच वर्षी 'इंडियन आयडॉल' सुरू झाले. विठ्ठल उमप २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच गेले. या माणसांना एसएमएस कोणी केले नाहीत. मैदान पहाटेपर्यंत उठले नाही, हेच त्यांचे मतदान. समोरच्या पार्टीला सवाल टाकायचा, तिच्या सवालाला उभ्या उभ्या जवाब द्यायचा, आणि निकाल समोर बसलेल्या हमाल-गिरणी कामगारांनी लावायचा, ही स्पर्धा आपल्याकडे टीव्हीच्या आधीपासून आहे. त्याच घराण्यातला आदर्श शिंदे पुढे 'मी होणार सुपरस्टार'मध्ये परीक्षकाच्या खुर्चीत बसला. मोकळ्या मैदानात घडलेला आवाज स्टुडिओत खपत नाही, असे कोणी म्हटले तर त्याला हे उदाहरण द्यावे.

म्हणून आईबापांना माझे सांगणे एवढेच. मूल गात असेल तर गाऊ द्या. निवडीच्या रांगेत जरूर उभे करा, पण त्यासाठी दागिने गहाण टाकू नका आणि दहावीचे वर्ष बुडवू नका. सही करण्याआधी करारपत्र शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. रोज तासभर रियाज होतो की नाही ते पाहा. आणि मूल परत आले तर त्याला 'हरलास' म्हणू नका. नुसते विचारा, तिथे काय शिकलास?

शेजारच्या त्या मुलीला मी सांगितले आहे की, पुढच्या चौदा एप्रिलला तुझ्या पहिल्या आवाजात गा. गल्ली ऐकायला बसेल. तुमच्या वस्तीत अशी कोणी पोर असेल तर तिला या आठवड्यात घरी बोलवा, एक गाणे पूर्ण ऐका, आणि चुकले असेल ते प्रेमाने सांगा. या मताला पैसे पडत नाहीत.